कोरल कोमेजायला लागलं की आधी काय बघायचं? ठाणे-नवी मुंबईतल्या घरच्या रीफ टँकसाठी

"दादा, झोआ (छोट्या फुलांच्या झुबक्यासारखं दिसणारं कोरल) उघडतच नाहीयेत, काय टाकू?" उन्हाळा सुरू झाला की घरी रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलचं खाऱ्या पाण्याचं ॲक्वेरियम, ठेवणाऱ्यांचे असे मेसेज यायला लागतात, घोडबंदर रोडवरून, खारघरवरून, कोपरखैरण्यावरून, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं की आत्ता काहीही टाकू नका. बाटली नको, पावडर नको, पीएच चढवायचं बफर नको, दुकानदाराने हातात दिलेलं टॉनिक तर अजिबात नको. घरच्या टँकमध्ये कोरल बिघडतं ते बहुतेक वेळा टँकमध्ये काहीतरी बदललेलं असतं म्हणून, आणि आपण घाबरून त्यात आणखी चार बदल केले की मूळ कारण शोधायची सोयच राहत नाही. त्यामुळे खाली जे सांगतोय ते क्रमाने करा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यावर निदान चार-पाच दिवस थांबा. अर्जंट गोष्टी कुठल्या ते सुरुवातीलाच सांगतो, तेवढ्यांना थांबायचं नाही.

अजून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख मुख्यतः सॉफ्ट (दगडी सांगाडा नसलेल्या) कोरलवाल्या टँकसाठी आहे, म्हणजे झोआ, मशरूम, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप वगैरे. आपल्या समुद्रातली सगळी दगडी कोरल्स, ऑर्गन पाइप, फायर कोरल, ब्लॅक कोरल आणि सी फॅन वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्यूल वनमध्ये आहेत, त्यामुळे मालवणला फिरायला गेलो आणि किनाऱ्यावरून एक तुकडा उचलून आणला हे सुद्धा चालत नाही, ते मेलेलं असलं तरी. कुणी दगडी कोरल विकत देत असेल तर आयातीचे कागद मागा, ते नसतील तर सरळ परत या. सॉफ्ट कोरल्सवर सुद्धा भरपूर सुंदर टँक होतो आणि आपल्या हवेत ती जास्त तग धरतात. हार्ड, म्हणजे दगडी, कोरलचे संदर्भ खाली अधूनमधून येतील, कारण लक्षणं समजायला त्यांचा उपयोग होतो.

पहिली पायरी: पाण्यात हात घालायच्या आधी नुसतं बघा

टँकसमोर वीस मिनिटं बसा, सगळ्या कोरल्सचे फोटो काढा, निळी लाईट बंद करून पांढऱ्या लाईटमध्ये काढा नाहीतर रंग कळत नाही. मग स्वतःला विचारा की एकच कोरल बिघडलंय की सगळी? या एका प्रश्नाने अर्धं काम होतं.

सगळी एकदम मिटली असतील, कालपर्यंत ठीक होती आणि आज सकाळी झोआ, लेदर, मशरूम सगळे आवळून बसलेत, तर कारण पाण्यात आहे: टेंपरेचर, सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा), काहीतरी विषारी पडलं, किंवा एखादा मासा दगडामागे मरून सडतोय. एकच कोरल किंवा एकाच कोपऱ्यातली दोन-तीन बिघडली असतील तर कारण तिथेच जवळ आहे, कीड, शेजारच्या कोरलचा डंख, पंपाचा थेट मारा, नाहीतर एखादा मासा टोचा मारतोय. एकाच जातीची सगळी बिघडली आणि बाकी मस्त, उदाहरणार्थ फक्त झोआ मिटलेत, तर कीड पहिल्यांदा शोधा.

रंग फिका पडलाय तो कुठून पडलाय हेही बघा. फक्त वरचा, लाईटकडचा भाग पांढुरका आणि सावलीतला भाग नेहमीच्या रंगाचा असेल तर लाईट जास्त झाली. सगळीकडून सारखं फिकं झालं असेल तर उष्णता, किंवा पाण्यात पोषणच शिल्लक नाही. आणि रंग तपकिरी, मातकट होत गेला तर बहुतेक लाईट कमी किंवा नायट्रेट-फॉस्फेट जास्त.

पांढरं झालेलं कोरल मेलं असं समजून लगेच काढून टाकू नका. ब्लीच होणं म्हणजे कोरलच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल, झुझँथेली, बाहेर पडणं, शरीर अजून जिवंत असतं, फक्त पारदर्शक झालेलं असतं. मोबाईलची झूम लावून बाजूने बघा, काचेसारखा पातळ ओलसर थर दिसतो आणि लहान पॉलिप, म्हणजे कोरलची फुलासारखी तोंडं, दिसतात. दगडी कोरलमध्ये तर सोपी खूण आहे, जिवंत मांसावर शेवाळ चढत नाही आणि उघड्या पडलेल्या सांगाड्यावर थोड्याच दिवसांत हिरवट-तपकिरी थर येतो. मांस चिंध्यांसारखं सुटून पाण्यात तरंगतंय आणि खाली स्वच्छ पांढरा सांगाडा दिसतोय, तर ते ब्लीचिंग नाही, ते मांस गळणं आहे आणि त्याला वेळ फार कमी असतो.

लेदर कोरलबद्दल वेगळं सांगायलाच पाहिजे, कारण सगळ्यात जास्त घबराट त्याच्यामुळेच होते. लेदर मधूनमधून कात टाकतं. पॉलिप आत ओढतं, अंगावर मेणासारखा चकचकीत थर येतो, कधी त्याच्यावर शेवाळ पण धरतं, आणि हे आठवडा-दोन आठवडे चालू शकतं. थर सुटला की आधीपेक्षा ताजं दिसतं. अशा वेळी फक्त त्याच्यावर पाण्याचा प्रवाह थोडा वाढवा म्हणजे थर लवकर निघून जातो, बाकी काही नको. मात्र एखाद्या जागी काळा, बुळबुळीत, वास येणारा डाग पडला असेल तर ती कात नाही, ती कुज आहे, त्याचं पुढे सांगतो.

आता एक वही घ्या किंवा फोनमध्ये नोट उघडा आणि मागच्या तीन आठवड्यांत घरात काय काय बदललं ते लिहा. टँकमध्ये नाही, घरात. नवीन लाईट, नवीन मिठाची पिशवी, आरओचं सर्व्हिसिंग, फिल्टरमधला कार्बन बदलला, रंगकाम, पेस्ट कंट्रोल, गावाला गेलो होतो, एसी सुरू केला, कामवाल्या मावशींनी काच पुसायला नवीन स्प्रे आणला. घरातल्या सगळ्यांना विचारा. अर्ध्या वेळा उत्तर इथेच सापडतं.

ज्याला थांबायचं नाही

टेंपरेचर ३० च्या वर गेलंय, अमोनिया शून्याच्या वर दिसतोय, पंप बंद पडलाय, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, किंवा पाण्यात काहीतरी पडल्याची खात्री आहे, यापैकी काहीही असेल तर आधी हवा आणि हालचाल द्या, वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवा, मेलेलं काही असेल ते काढा, नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा) धुऊन लावा आणि टेंपरेचर-सॅलिनिटी जुळवलेल्या पाण्याने २५-३० टक्के वॉटर चेंज करा. त्यासाठी मिसळलेलं मिठाचं पाणी किंवा निदान आरओचं पाणी आणि मीठ घरात कायम तयार ठेवा, रात्री अकरा वाजता ते कुठे मिळत नाही.

टेंपरेचर

आपल्याकडे सगळ्यात मोठं कारण हेच आहे म्हणून याच्यावर जरा वेळ घालवतो. रीफ टँकला २५ ते २७ डिग्री बरं. समुद्रात सुद्धा कोरल्स त्यांच्या नेहमीच्या उन्हाळी कमाल टेंपरेचरच्या फक्त १ डिग्री वर काही आठवडे राहिली तरी ब्लीच व्हायला लागतात, लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ ला हेच झालं. आणि आपल्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मेमध्ये हॉलचंच टेंपरेचर ३२-३३ असतं, त्यात पंप आणि लाईट यांची उष्णता वेगळी. ऑक्टोबरमध्ये परत तेच.

काचेवर चिकटवायच्या पट्टीवाल्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका, ती खोलीचं टेंपरेचर पण धरते. दोन वेगळे थर्मामीटर पाण्यात ठेवून ताडून बघा. आणि एकदाच नाही, दिवसातून तीनदा बघा: सकाळी लाईट लागायच्या आधी, दुपारी चारला आणि रात्री लाईट बंद होताना. सकाळी २६ आणि दुपारी २९.५ असेल तर सकाळच्या आकड्याने समाधान मानण्यात अर्थ नाही. दिवसभरातला चढउतार दीड डिग्रीच्या आत पाहिजे.

पाण्यावर पंखा लावायचा उपाय पुण्या-नाशिकला छान चालतो, इथे दमट हवेमुळे बाष्पीभवनच कमी होतं, म्हणून पंख्याने दोन-तीन डिग्रीच्यावर फारसं उतरत नाही आणि जेव्हा उतरतं तेव्हा पाणी भराभर उडतं, सॅलिनिटी वर जाते. हिवाळ्यात, मार्चपर्यंत ठीक, मेमध्ये चिलर किंवा त्या खोलीत एसी याला पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते बजेटमध्ये बसत नसेल तर टँक सुरू करायच्या आधीच विचार करावा.

चिलर असूनही टेंपरेचर वाढतंय? खारघरला एका ओळखीच्यांकडे रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला सगळे झोआ मिटायचे आणि सकाळी परत उघडायचे, पाण्याचे सगळे रिपोर्ट उत्तम. चिलर स्टँडच्या कपाटात ठेवलेला, कपाटाची दारं दिसायला नको म्हणून बंद. चिलर पाण्यातली उष्णता काढून त्याच कपाटात सोडत होता, तिथेच संप (टँकखालची फिल्टरची टाकी), म्हणजे उष्णता फिरून परत पाण्यात. दाराला हात लावला तर गरम लागायचं. मागची फळी कापून चिलर बाहेर काढला, फिल्टरच्या जाळीवरची धुळीची चादर काढली, आणि संध्याकाळचं मिटणं थांबलं. तर कपाटात हात घालून बघा, चिलरची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा, त्याच्याभोवती निदान वीतभर मोकळी जागा सोडा.

टेंपरेचर खूप चढलं असेल तर पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून, बूच घट्ट लावून, संपमध्ये सोडा, पण तासाला १ डिग्रीपेक्षा जास्त उतरवू नका. त्या दिवसांत लाईटचे तास निम्मे करा, कारण उष्णता आणि तीव्र प्रकाश एकत्र आले की कोरल सगळ्यात लवकर ब्लीच होतं. लाईट गेली तर (घरातली लाईट म्हणतोय) आधी ऑक्सिजनची काळजी करा, टेंपरेचर हळू चढतं पण गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप दोनशे-चारशे रुपयांचा असतो, तो घरात असायलाच हवा. इन्व्हर्टरवर सगळा टँक चढवायची गरज नाही, एक वेव्हमेकर पुरतो. काहीच नसेल तर मगने पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओता, दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडा वेळ.

सॅलिनिटी

३५ पीपीटी (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार), म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी साधारण १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून खारटपणा मोजायचं उपकरण) नुसता आरओच्या पाण्यावर शून्य केला म्हणजे ३५ ला बरोबर दाखवेलच असं नाही, त्याला ३५ च्या द्रावणाने कॅलिब्रेट करा. द्रावण नसेल तर ३६.५ ग्रॅम साधं पॅकेटचं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवा, रिफ्रॅक्टोमीटरवर ते ३५ पीपीटी दिसलं पाहिजे, सोनाराकडचा नाहीतर किचनमधला छोटा डिजिटल काटा वापरा. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबून वाचा. तरंगती सुई असलेला प्लास्टिकचा हायड्रोमीटर असेल तर तो बाजूला ठेवा, सुईला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो.

आता हिशोब बघा. ३ फूट बाय दीड बाय दीडचा टँक काठोकाठ १९० लिटर होतो, पण दगड, वाळू, वरची मोकळी जागा काढली की पाणी साधारण १५० लिटर. पंखा लावलाय, रोज ३ लिटर उडतंय, तुम्ही चार दिवस गावाला गेलात, १२ लिटर गेलं. मीठ तेवढंच, पाणी १३८ लिटर, सॅलिनिटी ३५ वरून ३८. परत आल्यावर घाईने सगळं १२ लिटर गोडं पाणी एकदम ओतलं तर तो दुसरा धक्का. दिवसाला १ पीपीटीच्या हिशोबाने खाली आणा, म्हणजे रोज ४ लिटर अधिक त्या दिवशी उडालेलं. सॅलिनिटी कमी झाली असेल तर रोजची भर गोड्या पाण्याऐवजी मिठाच्या पाण्याने घाला, कोरडं मीठ टँकमध्ये कधीच टाकू नका.

ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा) असेल तर फ्लोट स्विच हाताने वरखाली करून बघा. मिठाची खपली किंवा गोगलगाय अडकली की तो बंद पडतो, नाहीतर अख्खी बादली टँकमध्ये रिकामी करतो.

पाणी कुठलं वापरताय?

बरेच जण सांगतात "आरओचंच पाणी वापरतो", आणि ते घरच्या प्यायच्या प्युरिफायरचं असतं. प्यायच्या मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल काट्रिज असतं, ते चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतं, त्यामुळे टीडीएस ३०, ५०, ८० असं काहीही येतं. रोज तेच पाणी भरत गेलात तर पाणी उडतं आणि त्यातलं सगळं टँकमध्ये साठत राहतं. आपल्याला टीडीएस शून्य पाहिजे, म्हणजे आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे). टीडीएस मीटर तीन-चारशे रुपयात येतो. रेझिनचा रंग बदलला किंवा मीटर २-३ दाखवायला लागला की रेझिन बदला.

टीडीएस मीटर क्लोरीन आणि क्लोरामाइन ओळखत नाही हे पण लक्षात ठेवा, त्यासाठी कार्बन काट्रिज वेळेवर बदलायचं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, सेडिमेंट फिल्टर दोन महिन्यांतच तपकिरी होतो. आणि सोसायटीत पाणीकपातीच्या दिवशी टँकर आला तर त्या दिवशी टँकसाठी पाणी भरू नका, बोअरवेलचं असलं तर टीडीएस कितीही असू शकतो आणि रेझिन एका बादलीत संपतं.

काही लोक खाडीचं किंवा समुद्राचं पाणी आणतात. ठाणे-वाशीच्या खाडीत गोडं पाणी, सांडपाणी, कारखान्यांचं पाणी सगळं मिसळतं, ते नकोच.

मिठाच्या पिशवीबद्दल एक: पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली की मीठ ओल धरतं, गठ्ठे होतात. ओल्या मिठाचं वजन पाण्याचं असतं, त्यामुळे ग्रॅममध्ये मोजून मिसळलं तर सॅलिनिटी कमी येते, आणि दगडासारखं घट्ट झालेलं मीठ मिसळल्यावर पाणी दुधाळ राहिलं, तळाला पांढरा गाळ बसला तर अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) आणि कॅल्शियम आधीच खाली गेलेलं असतं. ते वापरू नका. मीठ झाकणाच्या डब्यात ठेवा.

अल्कलिनिटी आणि बाकीची केमिस्ट्री

इथे फक्त सॉफ्ट कोरल्स असतील तर उगाच गुंतू नका. अल्कलिनिटी ७ ते १० डीकेएचमध्ये (हे तिचं एकक) कुठेही पण स्थिर, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, आणि नियमित वॉटर चेंज केला तर हे बहुतेक आपोआप सांभाळलं जातं. दगडी कोरल किंवा गुलाबी-जांभळं कोरलाइन शैवाल भरपूर असेल तर अल्कलिनिटी खाल्ली जाते, मग आठवड्यातून दोनदा मोजा, दिवसाच्या एकाच वेळी.

वाढवायची तर दिवसाला १ डीकेएचच्या वर नाही. खायचा सोडा चालतो, बेकिंग पावडर नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम सोडा, आरओ पाण्यात पूर्ण विरघळवून पंपाच्या प्रवाहात हळू ओता. आणि आधी किटची एक्सपायरी बघा, शंका असली तर दुसऱ्या किटने ताडून बघा, जुन्या किटच्या आकड्यावर डोस देत बसणं फार धोक्याचं.

पीएच ७.८ दिसला म्हणून बफर ओतणारे पण खूप आहेत. बंद एसीच्या खोलीत चार माणसं झोपली की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो पाण्यात उतरून पीएच पाडतो. सकाळी खिडकी उघडून दोन तासांनी परत मोजा, चढला तर कारण मिळालं, बफर कपाटात राहू द्या. स्किमरची (हवेच्या फेसाने घाण काढणाऱ्या फिल्टरची) हवेची नळी खिडकीबाहेर काढली तर आणखी बरं, पण त्याला एक अट आहे, ती पुढे धुराच्या वेळी सांगतो.

नायट्रेट-फॉस्फेट: शून्य म्हणजे चांगलं नाही

झोआ-लेदरसाठी नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम (दहा लाखांत किती भाग) मस्त. लोक शून्याच्या मागे लागतात, फॉस्फेट काढायचा जीएफओ भरपूर लावतात, स्किमर मोठा, मासे दोन, खाणं चिमूटभर, आणि मग कोरल्स फिकट, आक्रसलेली, शिवाय वाळूवर तपकिरी शेंबडासारखे धागे आणि त्यात बुडबुडे, जे दिवसा वाढतात आणि रात्री कमी होतात. ते डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्म जीव) असण्याची शक्यता खूप, आणि ते पोषण संपलेल्या पाण्यात फोफावतात. अशा वेळी जीएफओ काढा, खाणं वाढवा, पाणी बदलणं थोडे दिवस थांबवा. उलट नायट्रेट ५०च्या पुढे असेल तर एका झटक्यात खाली आणू नका, आठवड्याला १५ टक्के पाणी बदला.

फॉस्फेटचे आकडे वाचताना काही डिजिटल चेकर फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) दाखवतात, त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतो. म्हणजे २० दिसलं तर ०.०६.

लाईट आणि प्रवाह

नवीन एलईडी लावली असेल तर कोरलला सवय व्हायला तीन-चार आठवडे द्या, ४० टक्क्यांपासून सुरू करून दर आठवड्याला थोडी वाढवा. सॉफ्ट कोरलला पार (PAR, कोरलच्या कामाच्या प्रकाशाचं माप) ५० ते १५० पुरतो. लाईट तीच असून अचानक वरून पांढरं पडलं, तर कार्बन कधी लावला ते बघा: महिनोन्महिने पिवळट झालेलं पाणी कार्बनने एका दिवसात स्वच्छ होतं आणि तीच लाईट कोरलला एकदम जास्त लागते. म्हणून पहिल्यांदा कार्बन थोडा लावा आणि लाईट थोडी उतरवा.

प्रवाहाचं लवकर सांगतो. झोआचे झुबके एकाच बाजूला कायम वाकलेले दिसतायत तर मारा जास्त, अंगावर घाण साचतेय तर कमी. मशरूमला कमी लागतो, लेदरला मध्यम आणि उलटसुलट. पंप उघडून रोटर साफ केला नसेल तर वर्षभरात प्रवाह बराच कमी झालेला असतो आणि आपल्याला कळत नाही.

कीड, आणि शेजाऱ्यांची भांडणं

लाईट बंद झाल्यावर दोन तासांनी लाल टॉर्च घेऊन बघा. झोआवर बसणारा न्यूडिब्रँक (कवच नसलेली समुद्री गोगलगाय) हुबेहूब झोआच्याच रंगाचा असतो, त्याला झोआसारखेच झुबके असतात, आणि देठांच्या मधे पांढऱ्या गोल चकतीसारखी अंडी घालतो. चपटी, काळ्या-पांढऱ्या चौकटींची गोल गोगलगाय दिसली तर ती सनडायल, ती पण झोआ खाते. चिमट्याने काढा. छोट्या ॲस्टेरिना तारामाशांवर लगेच संशय घेऊ नका, बहुतेक निरुपद्रवी असतात.

कीड दिसली तर कोरलचा दगड वेगळ्या डब्यात टँकच्याच पाण्यात आयोडीनवाल्या कोरल डिपमध्ये (कीड काढायच्या द्रावणात) बुडवा, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ. डिपने अंडी मरत नाहीत म्हणून ती टूथब्रशने नाहीतर ब्लेडने काढा आणि आठवड्याने परत डिप करा. डिपचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

हे अगदी नीट वाचा: झोआ आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा लावल्याशिवाय त्यांना कापू नका, घासू नका, हाताला जखम असेल तर टँकमध्ये हातच घालू नका. असे दगड कधीही उकळू नका, गरम पाणी ओतू नका, वाफेतून विष फुफ्फुसात गेल्याने अख्खी कुटुंबं हॉस्पिटलमध्ये गेल्याच्या घटना बाहेर घडल्यात. घरात लहान मुलं, मांजर असेल तर हे काम बाल्कनीत करा आणि डबा, ब्रश वेगळेच ठेवा.

लेदर पाण्यात रसायनं सोडतं, ती शेजारच्या कोरल्सना त्रास देतात, टँक छोटा असेल तर जास्तच. कार्बन कायम चालू ठेवा, दर तीन-चार आठवड्यांनी बदला.

कुज लागलेलं लेदर: हातमोजे, स्वच्छ नवीन ब्लेड, वेगळा डबा. काळ्या भागाच्या पलीकडचा थोडा चांगला भाग पण कापून टाका, आयोडीन डिप द्या, आणि चांगल्या प्रवाहात ठेवा. आठवडा-दहा दिवसांत कापलेली कड मिटलेली दिसते.

हवेतून आणि लोखंडातून येणारं विष

स्किमर आणि एअर पंप घरातली हवा ओढून थेट पाण्यात मिसळतात, हे लक्षात आलं की बरीच कोडी सुटतात. रंगकाम, पॉलिश, पेस्ट कंट्रोलचा स्प्रे, डासांचं लिक्विड, रूम फ्रेशनर, गणपतीत दहा दिवस टँकच्याच शेजारी चाललेली धूप-अगरबत्ती, दिवाळीतला धूर. आणि पावसाळ्यात सोसायटीत डासांसाठी धुराची फवारणी होते, त्यातलं औषध कोळंबी-खेकड्यांना फार लवकर मारतं. फवारणीची गाडी आली की खिडक्या बंद, स्किमर आणि एअर पंप बंद, टँकवर प्लास्टिक, वेव्हमेकर मात्र चालू. नळी खिडकीबाहेर काढली असेल तर ती पण आत घ्या. दोन-तीन तासांनी हवा मोकळी झाली की सगळं परत सुरू करा आणि नवा कार्बन लावा. पेस्ट कंट्रोलवाल्यांना त्या खोलीत जेल लावायला सांगा. स्वतःच्या हातालाही डासांची क्रीम, मॉइश्चरायझर लावलेलं असताना हात घालू नका.

गंज शोधायला सगळ्या वस्तू बाहेर काढाव्या लागतात. वेव्हमेकरचं आतलं मॅग्नेट, काच साफ करायचं मॅग्नेट, हीटर, पाईपच्या क्लिपा. मॅग्नेटवरच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर पडते, कडेला चहासारखा तपकिरी डाग दिसतो, आणि टँक हळूहळू बिघडत जातो, टेस्ट किटमध्ये काहीच दिसत नाही. डाग दिसला की ते पार्ट फेकाच, चिकटवून वापरू नका. तांबं असलेली माशांची औषधं डिस्प्ले टँकमध्ये कधीच नाही. आणि पाण्यात हात घातल्यावर झिणझिणी येत असेल तर आधी मेन बंद, मग एकेक उपकरण तपासा, अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

सावरत असताना

कारण सापडलं, दुरुस्त केलं, तरी कोरल लगेच उघडेलच असं नाही. झोआ, मशरूम काही दिवसांत हालचाल दाखवतात, ब्लीच झालेल्याला रंग यायला आठवडे, कधी महिने लागतात. झुझँथेली नाहीत म्हणजे प्रकाशातून मिळणारं अन्न बंद, म्हणून लाईट थोडी कमी ठेवा आणि आठवड्यातून दोनदा बारीक खाणं द्या. मशरूमला मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जीवाचा) अगदी छोटा तुकडा चालतो, तो गिळला नाही तर तासाभराने काढून टाका. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात रोज हलवू नका, एकदा सावलीत ठेवलं की राहू द्या. दर रविवारी त्याच जागेवरून, त्याच लाईटमध्ये एक फोटो काढा, रोज बघून फरक कळत नाही पण चार फोटो शेजारी ठेवले की कळतो. रंग परत दिसायला लागल्यावर आठवडाभर थांबा आणि मगच लाईट ५-५ टक्क्यांनी वाढवा.

गणपतीला किंवा मेमध्ये गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे चावी देताना माशांचं खाणं रोजच्या रोज कागदाच्या वेगळ्या पुड्यांत बांधून द्या, अख्खा डबा देऊ नका. टॉप-ऑफची टाकी दिवसाचं बाष्पीभवन गुणिले दिवस, त्यावर निम्मी जादा, एवढी भरा. पाण्याची नेहमीची पातळी काचेवर मार्करने आखून ठेवा, आणि शेजारच्या काकूंना फक्त तीन गोष्टी सांगा: थर्मामीटर २८ च्या वर गेला, पाणी रेघेच्या खाली गेलं, किंवा पंपाचा आवाज बंद झाला, तर लगेच फोन करा, तुम्ही स्वतः काही टाकू नका.